सव्वादोनचा चुडा

"हात सैल सोड, बाय," मी म्हणाले आणि खाली मान घालूनच समोरचा हात हातात घेतला.

आम्हा कासारणींना चेहऱ्याआधी हात दिसतो. आमच्या बोरखेड्यात कुणाचा अंगठ्याचा सांधा रुंद, कुणाचा तळवा भाकरी थापून कडक झालेला, कोण बांगडी चढायच्या आधीच विव्हळायला लागतं, हे सगळं मला पाठ. हा हातही मी लगेच ओळखला. चारच महिन्यांपूर्वी, नागपंचमीला, मी त्यात चमकीच्या बांगड्या भरल्या होत्या. तेव्हा ह्या हाताच्या मालकिणीनं अर्धा तास माझं डोकं खाऊन दोन बांगड्या फुकट उपटल्या होत्या.

मी मान वर केली. पाटावर सत्वशीला बसली होती. गिरणीवाल्या भानुदासची थोरली पोरगी, आठवीत शिकणारी. पिवळी साडी तिला नेसवली होती असं म्हणण्यापेक्षा तिच्याभोवती रचून ठेवली होती.

"तू कामून बसलीस इथं?" मी विचारलं. "नवरी कुठंय?"

"मीच हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं हळूच विचारलं, "मावशी, ह्या घालून खो-खो खेळता येतो का?"

मी काही बोलायच्या आत मागून सिंधूबाईचा आवाज आला. "बगत काय बसलाव कासारीणबाई? भरा पटापटा. जीप उभी हाय दारात."

सिंधूबाई म्हणजे सत्वशीलाची आत्या, भानुदासची मोठी बहीण. शेजारच्या तालुक्यात दिलेली, पण माहेरचा कारभार तिथूनच हाकणारी. भानुदास गिरणीत पीठ काय जाड-बारीक काढील तेवढाच स्वतःच्या मताचा. घरातलं बाकी सगळं सिंधूबाईच्या मतानं दळलं जायचं. चार दिवसांपूर्वी तीच माझ्या दुकानात येऊन म्हणाली होती, "अडीचचा हिरवा चुडा घेऊन या, आमच्या भानुदासकडं भरायचाय."

अडीच म्हणजे चांगला भरलेला बाईमाणसाचा हात. भानुदासची धाकटी बहीण बावीस वर्षांची होती. मला वाटलं, तिचंच जमलं असेल. मी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की माझं तोंड फक्त भाव सांगायला उघडतं, ही माझी जुनी खोड. ती त्या दिवशी अंगाशी आली.

दोन-चार वाक्यांत मला सगळं कळलं. नवरा म्हणजे सिंधूबाईचा दीर, अठ्ठावीस वर्षांचा. लग्न संध्याकाळी तिकडं, तिच्या गावात. बोरखेड्यात कुणाला पत्ता लागू द्यायचा नव्हता, म्हणून पत्रिका नाही, मांडव नाही, बँड नाही. पण एक गोष्ट सिंधूबाईला टाळता येईना. आमच्याकडं नवरी रिकाम्या हातानं माहेरचा उंबरा ओलांडत नाही. चुडा भरल्याशिवाय जीप हलणार नव्हती, आणि जीप हलली की पोरगी गेली.

मला धडकी भरली. पण बावीस वर्षांची सवय. हात आपोआप पेटीकडं गेला. मी अडीचच्या बांगड्या काढल्या आणि सात एकदम तिच्या हातात घातल्या. चढवायचा प्रश्नच नव्हता, नुसत्या घातल्या.

"आता हात खाली सोड," मी म्हणाले.

तिनं सोडला. सातही बांगड्या खाली फरशीवर आल्या.

खोलीत पाच-सहा बायका होत्या, सगळ्या सिंधूबाईनं तिकडून आणलेल्या. फुटलेल्या काचा आणि ते लेकराचं मनगट सगळ्यांनीच पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात सत्वशीलाची आई मुक्ता उभी होती. तिनं पदर तोंडात धरला.

"माप चुकलं," मी म्हणाले. "बारक्या मापाचा डबा दुकानात राहिलाय. घेऊन येते."

"दुसरं कुणी आणील की," सिंधूबाई म्हणाली.

"माझ्या दुकानातला डबा मलाच सापडत नाही, दुसऱ्याला काय सापडंल?" मी म्हणाले आणि चप्पल पायात घालता घालता बाहेर पडले. हे वाक्य मात्र शंभर टक्के खरं होतं. माझ्या नवऱ्यानं ते कुणालाही लिहून दिलं असतं.

मी दुकानात जायच्या आधी अंगणवाडीत गेले. शोभाताई लेकरांना उसळ वाढत होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं डाव हातात तसाच ठेवला आणि ग्रामसेवकाला फोन लावला. आमचे ग्रामसेवक मुळे भाऊसाहेब तीन गावांचा कारभार बघायचे. त्यामुळं बोरखेड्यात विचारलं तर ते दुसऱ्या गावात असायचे, दुसऱ्या गावात विचारलं तर तिसऱ्या. तिन्ही गावांत एकाच वेळी नसायची कला त्यांना साधली होती. पण असलं लग्न थांबवायचा अधिकार गावात त्यांनाच होता.

"भाऊसाहेब निघाले," फोन ठेवून शोभाताई म्हणाली. "पोलीस ठाण्यातून बाई कॉन्स्टेबल घेऊन येतो म्हणाले. तासभर लागंल. तवर थांबवा."

"मी? मी कशी थांबवू?"

"ते मला काय माहीत, यमुनाबाई? चुडा कोण भरायलंय, तुमी का मी?"

परत येताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं. एक तास. माझी ख्याती अशी की एकवीस बांगड्यांचा चुडा मी सात मिनिटांत भरते आणि नवरीच्या हातावर आजवर एक बांगडी वाढलेली नाही. आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. ह्या एका गोष्टीचा मला इतका तोरा होता की विचारू नका. लोक पाहुण्यांना देवळं दाखवतात. माझ्या नवऱ्याचे पाहुणे आले की मी ही गोष्ट ऐकवायची.

मी पुन्हा पाटासमोर बसले. ह्या वेळी दोनच्या मापाच्या बांगड्या काढल्या, तिला घट्ट होतील अशा. "चुडा घट्टच पाहिजे," मी सिंधूबाईला म्हणाले. तिनं मान हलवली.

"हात सैल सोड, बाय."

दोन बांगड्या नीट चढवल्या. तिसरीला माझा अंगठा जिथं ठेवायचा तिथं न ठेवता जरा मागं ठेवला. काच गेली.

बायकांनी श्वास आत ओढला. मी स्वतःही इतकं सुंदर दचकले की नाटक कंपनीनं मला ठेवून घेतलं असतं.

"अगं बाई, वाढली," मी म्हणाले. "आता सगळ्या उतरवायच्या. पहिल्यापासून भरायच्या. खंडित चुडा घालून नवरी जात नसती."

हा नियम माझ्या सासूनं मला सांगितला होता. निदान अर्धा तरी. उरलेला अर्धा मी त्याच वेळी तयार केला.

दुसऱ्या वेळी पाचवी बांगडी वाढली. मी सिंधूबाईला म्हणाले, "आता कोमट पाण्यानं हात धुवायला पाहिजे, हळद घालून." मुक्ता पाणी तापवायला आत गेली. पाणी यायला इतका वेळ लागला की मला वाटलं, बहुतेक विहीर खणायलेत. पुढं कळलं की तिनं चूल विझवून पुन्हा पेटवली होती.

तिसऱ्या वेळी दुसरीच बांगडी वाढली, तेव्हा मी पाट फिरवून घेतला. "तोंड उगवतीला पाहिजे होतं, कुणाच्या ध्यानातच नाही," मी म्हणाले. मग उगवती नेमकी कोणती ह्यावर त्या बायकांमध्ये वाद लागला. मी त्यात दोन्ही बाजूंनी बोलले.

पण सिंधूबाई मूर्ख नव्हती. ती येऊन माझ्याजवळ उकिडवी बसली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "कासारीणबाई, मी तीन लग्नात तुमचा हात बघितलाय. आज काय झालंय त्या हाताला?"

"काच कच्ची हाय," मी म्हणाले.

"काच कच्ची नाही. तुमचं मन खोटं हाय." तिचा आवाज अगदी शांत होता. "आता जर का एक बांगडी वाढली, तर पुढच्या सात लग्नांत सांगीन मी, यमुना कासारणीचा हात अपशकुनी हाय. तुमची पेटी ह्या पंचक्रोशीत कुणी दारात उतरू देणार नाही. बगा काय ते."

मला दोन मुलं होती. नवऱ्याच्या मणक्याचं दुखणं होतं. दुकान म्हणजे काय, एक खोली आणि ही पेटी. सांगायला लाज वाटते, पण मी घाबरले. शोभाताईचा तास अजून पुरा झाला नव्हता. मी मनात म्हटलं, तू तुझ्या परीनं केलंस यमुना, आता भाऊसाहेब आणि पोरीचं नशीब. आणि मी पेटीतून सव्वादोनच्या बांगड्या काढल्या. त्या तिच्या हातात सहज जाणाऱ्या होत्या, डोळे मिटूनसुद्धा.

सत्वशीला माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"हात सैल सोड," मी म्हणाले. ह्या वेळी मी अंगठा बरोबर जागेवर ठेवला. देवाशपथ बरोबर ठेवला.

पहिलीच बांगडी वाढली.

सिंधूबाई माझ्याकडं बघायला लागली. मी खरोखरच गोंधळले. दुसरी घेतली, तेल लावलं, हळूहळू सरकवली. सांध्यावर आली आणि वाढली. तिसरीही वाढली. चौथी वाढली तेव्हा काच तिच्या अंगठ्याखाली रुतली आणि पिवळ्या साडीवर नि माझ्या मांडीवर रक्ताचे थेंब पडले. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. बायकांपैकी दोघी उठून भिंतीला जाऊन टेकल्या. एक म्हणाली, "सिंधूताई, ह्ये काय बरं लक्षण नाही."

"वन्सं, राहू द्या," मुक्ता दारातून म्हणाली. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून ती नणंदेला पहिल्यांदाच काही सांगत असावी. "पोरीला लागलंय."

"लागू दे," सिंधूबाई उठली. तिनं स्वतःच्या हातातल्या चार हिरव्या बांगड्या काढल्या आणि सत्वशीलाच्या हातात सरकवल्या. "हा झाला चुडा. चला. उठ गं."

तिनं पोरीला दंडाला धरून उठवलं. मी तशीच बसून राहिले. माझ्या मांडीवर काचा होत्या. सत्वशीला साडीत अडखळत उंबऱ्यापर्यंत गेली. जीपवाल्यानं गाडी चालू केली. उंबऱ्यावर पाय ठेवता ठेवता पोरीनं हात खाली सोडला आणि आत्याच्या चारही बांगड्या उंबऱ्याच्या आतच पडल्या.

"थांबा, थांबा," त्या दोघी बायका ओरडल्या. "रिकाम्या हातानं नका नेऊ."

सिंधूबाई त्यांच्याशी भांडायला वळली. तेवढ्यात जीपच्या पुढं एक मोटरसायकल येऊन आडवी उभी राहिली. मुळे भाऊसाहेब हेल्मेट न काढताच उतरले. मागं बाई कॉन्स्टेबल होती आणि शोभाताई पळत येत होती, हातात तोच उसळीचा डाव.

भाऊसाहेब एरवी बोलताना दर वाक्यात तीनदा खोकायचे. त्या दिवशी ते एकदाही खोकले नाहीत. "मुलीचं वय काय?" त्यांनी विचारलं.

"लग्न नाही काही, भाऊसाहेब," सिंधूबाई म्हणाली. "नुसता साखरपुडा हाय. पोरगी तर आमच्याकडं चार दिवस पाहुणी म्हणून यायलीय."

भाऊसाहेबांनी उंबऱ्याच्या आत बघितलं. मी अजून पाटासमोरच होते, भोवती हिरव्या काचांचा सडा. "काय कासारीणबाई," ते म्हणाले, "साखरपुड्याला चुडा भरतात का?"

सिंधूबाई माझ्याकडं बघत होती. त्या सात लग्नांचं बोलणं मला आठवत होतं. पण त्याच वेळी मला माझ्या मांडीवरचं रक्त दिसलं, आणि ते माझं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "चुडा नवरीलाच भरतात. ही नवरी हाय. आठवीत हाय. पंचमीला हिला सव्वादोनची बांगडी सैल होत होती."

पुढचं सगळं कागदाचं काम. भानुदासला गिरणीतून आणलं, अंगभर पीठ असलेला. अठरा पूर्ण होईपर्यंत पोरीचं लग्न करणार नाही असं त्यानं लिहून दिलं. सही करताना तो रडत होता आणि पिठावर त्याच्या रडण्याच्या रेघा उमटत होत्या. सिंधूबाईला नि तिच्या दिराला ठाण्यात बोलावणं गेलं. शोभाताई पुढं वर्षभर त्या घराच्या चकरा मारत राहिली आणि पोरगी शाळेत गेली की नाही ते बघत राहिली. सत्वशीला दुसऱ्या दिवशी शाळेत गेली, हाताला चिंधी बांधून.

सिंधूबाईनं मात्र शब्द पाळला. माझा हात अपशकुनी ही बातमी तिनं सातच काय, सतरा लग्नांत पोचवली. तीन वर्षं बोरखेड्यातल्या नवऱ्या मुली तालुक्याला जाऊन चुडा भरून आल्या. पंचमीला पोरी यायच्या, संक्रांतीला बायका यायच्या, पण नवरी नाही. माझा तोरा पार उतरला. पाहुण्यांना ऐकवायला गोष्टच उरली नाही, त्यामुळं माझा नवरा तेवढा सुखात होता.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, त्यालासुद्धा नाही. त्या शेवटच्या चार बांगड्या मी फोडलेल्या नव्हत्या. मी तर हार मानली होती. मग त्या वाढल्या कशा? विचार करून करून मी एकच उत्तर काढलं: देवीनं माझा हात धरला. मी कच खाल्ली, तिनं खाल्ली नाही. तेव्हापासून दर नवरात्रात मी देवीला एक नारळ जास्तीचा वाढवत होते. दहा वर्षं, दहा नारळ.

अकराव्या वर्षी सत्वशीला माझ्या दुकानात आली. तोवर ती एसटीत कंडक्टर झाली होती. खाकी गणवेशातच आली आणि दुकानात बसलेल्या दोन बायकांना सवयीनं म्हणाली, "जरा पुढं सरका." त्या सरकल्याही.

"मावशी, चुडा भरायचाय. परवा लग्न हाय माझं."

"कुणाशी गं?"

"ड्रायव्हर हाय. आमच्याच डेपोतला. माझ्या घंटीशिवाय गाडी हलवत नाही," ती म्हणाली. "म्हणून पसंत केला."

"माझ्याकडून कामून भरतीस? अपशकुनी हात हाय माझा."

ती हसली. पाटावर बसली आणि उजवा हात पुढं केला. अंगठ्याखाली पांढरी रेघ होती, बोटभर. मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. पहिल्या तीन मी फोडल्या, मग मी घाबरले, तुला त्यांच्या हवाली करायला निघाले होते, आणि उरलेल्या देवीनं फोडल्या. नारळांचंही सांगितलं.

सत्वशीला माझ्याकडं बघत राहिली. तिकीट न काढलेल्या माणसाकडं बघावं तशी.

"देवीनं?" ती म्हणाली. "मावशी, त्या मी फोडल्या."

"काय?"

"तुमी पयली फोडली तवाच मला कळलं. पंचमीपासून तुमचा हात ठाऊक होता मला. दुसरी फोडली, तिसरी फोडली, मी गप. मग आत्या तुमच्या कानाशी काय तरी बोलली, अन् तुमी माझ्याकडं बगायचं सोडलं. मला वाटलं, आता मावशी काय फोडत नाहीत. मग तुमी हात सैल सोड म्हणलं की मी उलटं करायची. बांगडी सांध्यावर आली की अंगठा ताठ करायची, अस्सा." तिनं करून दाखवलं. हाताचं हाड टचकन वर आलं.

चौदा वर्षांची पोरगी. काच हातात रुतत होती, आणि ती पुढच्या बांगडीची वाट बघत अंगठा ताठ करत होती. आणि मी बावीस वर्षांच्या अनुभवाची, मान खाली घालून बसले होते.

"तुझ्यावर रागावली नव्हतीस ना गं माझ्यावर?" मी विचारलं. वाक्य उलटंसुलटं झालं, पण तिला कळलं.

"थोडी रागावले होते, उंबऱ्यापर्यंत," ती म्हणाली. "मग तुमी भाऊसाहेबाला सांगितलं की चुडा नवरीलाच भरतात. तवा गेला राग." ती जरा पुढं वाकली. "दहा नारळ, मावशी? खोबरं तरी मला द्यायचं होतं."

मी डोळे पुसले, हसलेही. मग पेटीतून सव्वादोनच्या बांगड्या काढल्या. आता ते माप तिला बरोबर बसत होतं.

"हात सैल सोड, बाय," मी म्हणाले.

"सोडलाय, मावशी," ती म्हणाली. "बगा की."

मी बघितलं. तिचा हात माझ्या हातात मऊ पडला होता, झोपलेल्या लेकराच्या हातासारखा. एका हातात अकरा, दुसऱ्यात दहा. एकवीसच्या एकवीस चढल्या.